दुपारचं दळण

"अक्का, तुमच्या गच्चीवर ऊन कुठनं कुठपर्यंत असतं?"

मी तव्यावरची भाकरी उलटत होते. मान वर न करता म्हटलं, "सकाळी उगवतं तिथनं संध्याकाळी मावळतं तिथपर्यंत. तुमच्या गल्लीत काय वेगळं असतं?"

दारातला पोरगा हसला नाही. खिशातनं टेप काढून म्हणाला, "तसं नाही अक्का. शेजारच्या टाकीची सावली किती वाजता पडती ते बघायचं होतं." आणि चपला काढून जिना चढला. चपला काढल्या त्या एकीला एक लावून, भिंतीच्या कडेला. नको असलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आधी डोळ्यांत भरतं, ही एक पीडाच आहे.

त्याचं नाव मल्लिनाथ. बसस्टँडच्या मागं पत्र्याचं दुकान. शेतीचे पंप, बॅटऱ्या आणि उन्हावर वीज करणाऱ्या काचेच्या पाट्या विकायचा. आमची सुलू, म्हणजे सुलक्षणा, माझी धाकटी, त्याच्या शेजारच्या खताच्या दुकानात कामाला होती. होळीच्या आधी एक दिवस ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मला मल्लिनाथशी लग्न करायचंय." मला दही वाढ म्हणावं तशी म्हणाली.

मी विचारलं, "काय करतो?"

"सोलर विकतो."

"म्हणजे ऊन विकतो. मंगळवेढ्यात. अगं, इथं ऊन कोण विकत घेतंय? इथं कुणी सावली विकली तर लोक रांग लावतील."

सांगोल्याचं स्थळ माझ्या हातात होतं. मुलगा सरकारी कचेरीत कायम, घर पक्कं, सासू गुडघ्यांनी बेजार म्हणजे मागं मागं फिरणारी नाही. ज्येष्ठापर्यंत उत्तर देते असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. सुलू रडली असती, जेवण सोडलं असतं, तर मी दोन दिवसांत वठणीवर आणली असती. पण ती माझीच लेक. दोन वेळा पोटभर जेवली आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "तू म्हणतीस उन्हावर पोट भरत नाही. मग बघूनच घे. तो आपल्या गच्चीवर दोन पाट्या बसवील. पैसे आत्ता नकोत. तीन महिन्यांची बिलं बघ. बिल निम्म्यावर उतरलं तर तू त्याच्या घरच्यांशी बोलायचं. नाही उतरलं तर तो पाट्या काढून नेईल आणि मी सांगोल्याला हो म्हणीन. तोंड वाकडं करणार नाही."

"आणि केलंस तर?"

"तर तू सरळ करशीलच की."

आमचे हे खुर्चीत बसून ऐकत होते. एस.टी.त कंडक्टर होते, रिटायर झाले तरी बोलणं गाडीतलंच. म्हणाले, "मग काय, टिंग टिंग," म्हणजे गाडी सुटली.

तर असा तो आमच्या गच्चीवर चढला होता.

मापं घेऊन झाल्यावर त्यानं दोन्ही पाट्या वर नेऊन बसवल्या, आणि तासाभरानं खाली आला तेव्हा हातात एक वायर होती आणि तिच्या टोकाला मिक्सरला असतो तसला प्लग. फ्रीजच्या शेजारच्या सॉकेटात त्यानं तो खुपसला आणि बाजूला झाला.

"झालं अक्का."

"काय झालं?"

"पाट्या वर वीज करणार. ती ह्या प्लगातनं घरात येणार. फ्रीज, पंखा, घरात जे काय चालू असंल ते आधी ही वीज खाणार, कमी पडंल तेवढीच बाहेरची घेणार."

"भिंतीतनं वीज घेतात एवढं मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "भिंतीला वीज पाजतात हे आज बघितलं. आणि लाईट गेल्यावर?"

"लाईट गेली की हेपण बंद पडतं. तारेवर कोण चढला असंल तर त्याला शॉक बसू नये म्हणून."

"म्हणजे गरज नसताना हजर आणि गरज पडली की गैरहजर. आमच्या थोरल्यासारखं."

थोरला पुण्यात असतो. ह्यांनी खोकून घेतलं आणि विषय बदलायला विचारलं, "याचे पैसे किती वर्षांत फिटतात म्हणायचे?"

"घरावर आहे नाना. कुणाचे तीन-चार वर्षांत फिटतात. कुणाचे फिटतच नाहीत."

मी भाकरीवरचा हात थांबवला. "विकणाराच असं सांगतो होय? मग धंदा कसा चालतो रे तुझा?"

"हळूहळू चालतो," तो म्हणाला.

तेवढ्यात सुलू आतनं पाणी घेऊन आली. तांब्याबरोबर वाटीत गूळ होता. माझ्या आयुष्यात या मुलीनं सांगितल्याशिवाय पाहुण्याला गूळ आणून दिलेला मी बघितला नव्हता. त्यानं खडा तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि कोपऱ्यातल्या घरघंटीकडं बघून विचारलं, "ही कवा चालते अक्का?"

"पहाटे. सूर्य बघायच्या आत."

"रोज पहाटेच?"

"मग काय आळशासारखं उजाडल्यावर दळू?"

त्यानं सुलूकडं बघितलं, सुलूनं फरशीकडं. मला वाटलं, असतं या वयात. मी भाकरी तव्यावरनं काढली.

घरघंटीचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळंल. माझा धंदा कडक भाकरीचा. जोंधळ्याची, पापडासारखी पातळ, मोडली तर कटकन आवाज येणारी. आमच्या सासूबाई जात्यावर दळायच्या, आणि त्यांचा एकच दंडक होता, बाईचं दळण सूर्यानं बघता कामा नये. मी नवी नवरी आले तेव्हा एकदा उजाडल्यावर जात्याला बसले, तर त्यांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. पुढं जातं गेलं, विजेची घरघंटी आली, सासूबाईही गेल्या, पण वेळ तीच राहिली. पहाटे दळायचं, गार पीठ गार पाण्यात मळायचं, उन्हं गच्चीवर यायच्या आत निम्म्या भाकऱ्या थापून मोकळं व्हायचं. अशा पिठाला विरी असते. म्हणजे ते पाण्याला धरून राहतं, भाकरी कितीही पातळ थापा, कड फुटत नाही. पुण्याला, सोलापूरला माझ्या भाकऱ्या जायच्या ते त्या कडेवर.

आणि खरं सांगायचं तर कडेपेक्षाही मोठी गोष्ट आवाजाची होती. घरघंटी लागली की आमच्या आळीत चार घरांना ऐकू जाते. पहाटे ती घुमायला लागली की लोक अंथरुणात कूस बदलायचे आणि म्हणायचे, अक्का उठली. समोरच्या शेवंताची घरघंटी दहा वाजता लागायची. मग मी ओसरीवर येऊन, तिला ऐकू जाईल असं ह्यांना विचारायची, "काय हो, आज शेवंता लवकर उठली वाटतं?"

तर असा पहिला महिना गेला. बिल आलं. ह्यांनी चष्मा लावून ते खिडकीपाशी नेलं, आधीचं शेजारी धरलं आणि म्हणाले, "उतरलंय."

"किती?"

"उतरलंय म्हणतोय ना."

मी बिल हातात घेतलं. मला चौथीपर्यंतचं येतं, पण आकडे येतात. फ्रीज आणि पंखा जेवढं खातात तेवढंच उतरलं होतं, निम्म्याच्या जवळपासही नाही. "यानं तर त्याच्या पाट्यांवरचं कुंकूसुद्धा फिटणार नाही," मी म्हटलं. कुंकू मीच लावलं होतं. कसंही असलं तरी घरात नवं आलं होतं.

दर रविवारी मल्लिनाथ पाट्या पुसायला यायचा. आमच्याकडं धूळ अशी की सकाळी पुसलेलं दुपारी बोटानं नाव लिहिण्याजोगं होतं. ओलं फडकं घेऊन वर जायचा, पुसून खाली यायचा, मग हे त्याला बसवून घ्यायचे आणि सांगोला डेपोच्या, पंक्चर झालेल्या गाड्यांच्या गोष्टी सांगायचे. त्या गोष्टी मी इतक्या वेळा ऐकल्यात की त्यातले टायर मला ओळखतात. तो मात्र पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचा. मी त्याला भाकरी, शेंगाचटणी आणि दही द्यायची. आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची आमच्यात पद्धत नाही, दुसरं काही नाही त्यात. तो भाकरीची कड आधी मोडायचा, नीट बघायचा आणि मग खायचा.

एकदा मी विचारलं, "काय बघतोस? केस निघाला का?"

"नाही अक्का. एवढी पातळ आणि एवढी गोल, पण कुठं चीर नाही. माझी आई म्हणती, चीर नसलेली भाकरी तिनं तिच्या आजीच्या हातची बघितली होती, त्यानंतर नाही."

"तुझ्या आईला सांग, मी आजी नाही अजून," मी म्हटलं. पण त्या दिवशी त्याला दही जरा जास्त पडलं.

दुसरं बिल आलं. पहिल्यासारखंच. रात्री ताटं घासताना सुलूनं एक वाटी इतकी घासली की मला म्हणावं लागलं, "सोड तिला, तिनं काय केलंय?" सांगोल्याहून एकदा फोन आला, मी गोड बोलून वेळ मारून नेली. मी पैज जिंकत होते. जिंकताना माणसाला बरं वाटावं, तर तसं काही वाटत नव्हतं. उन्हाळा आहे, म्हणून असंल, असं मी मनाशी म्हटलं.

मग एका दुपारी हे जिन्याखालच्या मीटरपुढं जाऊन उभे राहिले. मी भाकऱ्या कापडात बांधत होते. बराच वेळ झाला तरी हलेनात.

"अहो, चक्कर आली का?"

"इकडं ये."

गेले. त्यांनी बोट दाखवलं. "हा लाल दिवा बघ. पहाटे तू दळतीस तेव्हा हा डोळ्यात काय गेल्यासारखा लुकलुकतो. आत्ता बघ."

दिवा गप्प होता. फ्रीज चालू, पंखा चालू, आणि दिवा मेल्यासारखा.

"म्हणजे पाट्या काम करायल्यात," मी म्हटलं.

"काम करायल्यात गं. भरपूर करायल्यात. पण फ्रीज आणि पंखा किती खाणार? उरलेली वीज कुठं जाती?"

"कुठं जाती?"

"तारेनं बाहेर. आपल्या नावावर कुठं जमा नाही, काही नाही."

"बाहेर म्हणजे कुणाकडं?"

ह्यांनी समोर बघितलं. शेवंताच्या खिडकीत पंखा गरगरत होता.

"माझ्या गच्चीवरच्या उन्हावर शेवंता वारा खाती?"

"आता तसं बोट दाखवून नाही सांगता येणार. पण जवळचं घर तेच." मग ते माझ्याकडं वळले आणि त्यांना गाडी सापडली. "हे बघ, आपली बस सुटती भर दुपारी. बारा, एक, दोन. पूर्ण मोकळी. सीटं रिकामी, कंडक्टर डुलक्या घेतोय. आणि प्रवासी कधी येतात स्टँडवर? पहाटे. तुझे जोंधळे पहाटे येऊन उभे राहतात, तेव्हा बस डेपोत झोपलेली. मग ते दुसऱ्याच्या गाडीनं जातात आणि तिकीट आपण भरतो. घरात सगळ्यात जास्त वीज कोण खातं? घरघंटी. ती दुपारी चालली असती तर निम्म्याच्या वर भार ह्या पाट्यांनीच उचलला असता."

त्यांनी हळूच विचारलं, "त्या पोराला हे कळत नसंल का गं?"

मला तो पहिला दिवस आठवला. रोज पहाटेच? असं विचारून त्यानं सुलूकडं बघितलं होतं.

रविवारी तो आला. ओलं फडकं घेऊन जिन्याकडं वळला तसं मी म्हटलं, "ते ठेव. बस इथं."

तो बसला. सुलू चहा टाकत होती, तिचा हात थांबला.

"घरघंटी दुपारी चालली तर बिल निम्म्यावर उतरंल, हे तुला ठाऊक होतं?"

त्यानं सुलूकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "होय अक्का."

"कवापासून?"

"तुम्ही पहाटे दळता म्हणालात तवापासून."

"म्हणजे हरणार हे ठाऊक असून तू पाट्या तशाच राहू दिल्यास?"

"काढून नेल्या असत्या तर तुम्ही परत दारात उभं केलं नसतं मला. निदान रविवारी यायला तरी मिळालं."

हे खुर्चीत हसले. मी त्यांच्याकडं बघितलं तसे गप्प झाले.

"मग तोंड उघडायला काय झालं होतं? एवढं बोलला असतास, अक्का, दुपारी दळा."

सुलू चहा सोडून बाहेर आली. "मी रोज सांगतेय त्याला, आई. रोज भांडतेय. हा ऐकत नाही आणि मलाही बोलू देत नाही. शपथ घातलीय मला."

"कसली शपथ?"

मल्लिनाथनं फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "अक्का, शेतकऱ्याला पंप विकला की मी सांगतो, मोटार ह्या वेळेला लावा, त्या वेळेला लावू नका. तो माझा धंदा आहे. तुमचं दळण कवा करायचं हे सांगणारा मी कोण? तीस वर्षं तुम्ही पहाटे दळताय. त्या पिठाची भाकरी मी दर रविवारी खातो. दुपारी घरघंटी तापती, पीठ तापतं. भाकरी बदलणार. माझं लग्न जमावं म्हणून तुमची भाकरी बिघडवायची? ते मला नाही पटत."

"म्हणजे लग्न मोडलं तरी चालंल?"

"चालणार नाही," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. आणि फडकं घेऊन वर गेला.

सुलू माझ्याकडं बघत उभी होती. चहा उतू गेला. मी म्हटलं, "चहा बघ," आणि आत जाऊन जोंधळ्याच्या कणगीपाशी उगीच काहीतरी आवरत बसले. दळणाची वेळ बदलायची गोष्ट कुणी काढली नाही. काढली असती तर मी नाहीच म्हणाले असते. मला कुणी सांगितलेलं करायची सवय नाही. ह्यांना ते ठाऊक आहे, सुलूला ठाऊक आहे, आणि आता त्या पोरालाही ठाऊक झालं होतं, म्हणून घर कसं देवळासारखं शांत होतं.

तिसरं बिल आलं. उतरलं होतं तेवढंच, फ्रीज आणि पंख्यापुरतं. सुलूनं ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "आई, सांगोल्याला कळव." तोंड वाकडं केलं नाही. शब्दाला पक्की. माझ्या घरात सगळ्यात वाईट गोष्ट कुठली असंल तर ती पोरीचं ते सरळ तोंड.

रविवारी तो आला तेव्हा हातात फडकं नव्हतं. पिशवी होती आणि पिशवीत बोल्ट खोलायचे पाने. दारात चपला काढल्या, एकीला एक लावून, आणि म्हणाला, "अक्का, पाट्या काढून नेतो."

"ठरलंय तसं कर," मी म्हटलं.

तो वर गेला. बारा वाजून गेले होते. आळीत चिटपाखरू नव्हतं, कुत्री गटारीत पोट टाकून पडली होती. वरनं पान्याचा आवाज येत होता, टक, टक. हे खुर्चीत टोपी हातात घेऊन बसले होते. सुलू आतल्या खोलीत दार लोटून होती.

मी उठले. कणगीतनं दोन पायल्या जोंधळे काढले, सुपात घेऊन पाखडले. खालच्या डब्याला कापड बांधलं. वरच्या तोंडात जोंधळे ओतले आणि खटका दाबला.

घरघंटी घुमली. भर दुपारी ती घुमल्याबरोबर मला अंगावरचं लुगडं सुटल्यासारखं झालं. सगळी आळी ऐकत असणार. सासूबाई ऐकत असणार. पण मी हात कंबरेवर ठेवून उभी राहिले.

वरचा टक टक थांबला.

हे खुर्चीतनं उठले, जिन्याखाली मीटरपाशी गेले आणि तिथनं ओरडले, "अगं, लुकलुकतोय, पण हळू! म्हाताऱ्या माणसासारखा!"

आतलं दार उघडलं. सुलू आली आणि घरघंटीकडं बघत उभी राहिली. मी म्हटलं, "बघतीस काय? पीठ उडायलंय, कापड धर." तिनं कापड धरलं, आणि मग मात्र ते सरळ तोंड राहिलं नाही. पिठात पाणी पडू नये म्हणून मीच तिला कोपरानं मागं सारलं.

तोवर दारात शेवंता. धापा टाकत, डोक्यावर पदर उलटा.

"अक्का! काय झालं वो? बरं हाय न्हवं? दुपारची घरघंटी लागली म्हनून म्या पळतच आले. कुनी गेलं का काय?"

"कुणी गेलं नाही. दळायलेय."

"आत्ता?"

"का? तू दहाला दळतीस तेव्हा मी तुझ्या दारात रडत आले होते का?"

"तसं न्हाई वो, पर तुमी—"

"आणि पंखा जरा जपून लाव आजपासून," मी म्हटलं. तिला काय कळणार. ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं टाकून. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं असणार, याची मला खात्री होती. कळू दे म्हटलं.

मल्लिनाथ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात एक बोल्ट.

"अक्का, तुम्ही माझ्यासाठी असं—"

"तुझ्यासाठी? तू कोण लागून गेलास? माझं ऊन फुकट चाललं होतं ते मी घरात घेतलं. हात धू आणि बस."

पीठ झालं. हात घातला तर गरम. पोराचं म्हणणं खरं होतं. तरी मी चूल पेटवली. ज्येष्ठातली दुपार, चुलीपुढं, अंगातनं धारा. मळलं, थापलं, तव्यावर टाकलं. पहाटे जी भाकरी हाताखाली आपोआप फिरते, ती दुपारी अडून बसली. कशाबशा तीन झाल्या. वाळवून कडक करायला वेळ नव्हता, तशाच ताटात घातल्या.

हे पहिला तुकडा मोडून म्हणाले, "एक नंबर!"

सुलू म्हणाली, "आई, पहाटेच्यापेक्षा भारी झालीय."

दोघं कसे खोटं बोलतात हे मला पाठ आहे. मी मल्लिनाथकडं बघितलं. त्यानं नेहमीसारखी कड मोडली, नीट बघितली. सुलू डोळ्यांनी त्याला खुणावत होती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"बोल की," मी म्हटलं.

"कड फुटलीय अक्का," तो म्हणाला. "पहाटेची अशी कधी फुटली नव्हती."

सुलूनं कपाळाला हात लावला. हे छताकडं बघायला लागले. शेवंता अजून दारातच होती, तिनं पदर तोंडावर घेतला.

मी भाकरीचा तुकडा उचलला. फुटली होती खरी, तीन ठिकाणी. माझ्या हातची कड फुटलेली मी नवी नवरी होते तेव्हा बघितली होती, त्यानंतर आजच.

"तापलेलं पीठ थापलं, फुटणारच," मी म्हटलं. "उद्या परातीत पसरून निववीन, मग मळीन. पाणीसुद्धा माठातलं घेईन. चार दिवस लागतील हात बसायला."

"उद्या?" तो म्हणाला.

"मग काय पुढच्या वर्षी? तो बोल्ट काय हातात घेऊन बसलाय, वर नेऊन बसव जागेवर. वारा सुटला तर पाटी शेवंताच्या दारात जाईल, ती तिच्या बापाची म्हणून ठेवून घेईल."

तो उठला. परत बसला. परत उठला.

हे म्हणाले, "आणि सांगोल्याला काय कळवायचं? पैज तर तू जिंकलीस."

"मी जिंकले ना? मग कुणाला काय कळवायचं हे मी ठरवणार. कळवा, मुलीचं जमलं."

सुलूनं माझ्या गळ्यात हात टाकले, पिठाच्या हातानं, भर उकाड्यात. मी म्हटलं, "लांब हो, घाम आलाय," पण ती झाली नाही आणि मीही फार ढकललं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. कड बसायला चार नाही, अकरा दिवस लागले. चुलीची जागा मी गच्चीच्या जिन्याखाली हलवली, तिथं वारा येतो. आता आळीत आणखी चार घरांवर तसल्या पाट्या आहेत. शेवंताकडंही आहे. बाया मला विचारतात, अक्का, पैसे फिटतात का हो याचे? मी सांगते, पाटी कुणाचंही काही आपण होऊन फेडत नाही. ऊन असतं तेव्हा घरात काम काढाल तर फिटतात, नाहीतर शेजारणीला पंखा लावल्याचं पुण्य तेवढं लागतं. आमचे फिटले. कधी ते ह्यांना विचारा, ते तारखेसकट सांगतील आणि पुढं दोन पंक्चरच्या गोष्टीही ऐकवतील.

पण त्या दुपारी हे सगळं कुणाला ठाऊक होतं. मल्लिनाथ जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता. बोल्ट मुठीत, डोळे ओले.

"अक्का," तो म्हणाला, "मग आईला आणि आप्पांना कवा घेऊन येऊ?"

"येत्या गुरुवारी आण," मी म्हटलं. "सकाळी आण, नाहीतर संध्याकाळी. दुपारी नको. दुपारी माझं दळण असतं."